राष्ट्रपति-भवनातील पहिले गृहस्थ : बाबू राजेंद्रप्रसाद

गेल्या वर्षी एका तासाला आम्ही दिल्लीच्या राष्ट्रपति-भवनाचे एक मोठे रंगीत चित्र वर्गात टांगले होते. घुमट, खांब, पायऱ्या, बाग यांविषयी मुलांनी नेहमीचे प्रश्न विचारले व आम्ही नेहमीची उत्तरे दिली. ह्या घरात तीनशे चाळीस खोल्या आहेत असे सांगताच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि इतक्या खोल्यांपैकी राष्ट्रपति निजतात कोणत्या, असे त्याने विचारले. सारा वर्ग हसला; खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. पण घंटा झाल्यावर तो प्रश्न काही आमच्या मनातून जाईना. बोदलकशाच्या तलावाकडील वस्तीतून शाळेस येणाऱ्या त्या मुलाच्या घरी दोनच खोल्या आहेत. एकीत चूल व धानाची पोती, दुसरीत सारे कुटुंब. घर म्हटले म्हणजे कोण कोठे निजतो हीच पहिली विचारावयाची गोष्ट, हे त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येईल. परंतु ते उत्तर नीट कळण्यास त्या घरात राष्ट्रपति म्हणून प्रथम राहावयास गेलेल्या पुरुषाचे चरित्र सांगितले पाहिजे. ह्या चरित्रात घरे पुष्कळ येतात, म्हणून आम्ही ते घरांच्याच अनुरोधाने सांगणार आहो.

राजेंद्रप्रसाद यांचा जन्म ३ डिसेंबर १८८४ रोजी बिहारातील जिरादेई नावाच्या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळी सारण जिल्ह्यात होते. आता ते सिवान जिल्ह्यात मोडते. वडील महादेव सहाय हे फारसी व संस्कृत जाणणारे गृहस्थ असून गावकऱ्यांस औषधेही देत. आई कमलेश्वरीदेवी पहाटे मुलास जवळ घेऊन रामायणातील कथा सांगे. पाचव्या वर्षी मुलास एका मौलवीसाहेबांच्या हाती सोपविण्यात आले व त्याची अक्षरओळख फारसीतून झाली. हिंदू घरातील मुलाने मौलवीपाशी पहिला धडा घ्यावा, यात त्या काळी त्या प्रांती कोणास नवल वाटत नसे. लहानपणीच, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, राजवंशीदेवी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. हा त्या काळचा रिवाज होता; तो गेला हे फार चांगले झाले, असे आमच्या विद्यार्थिनींच्या आईबापांस आम्ही येथे जाता जाता सांगून ठेवतो.

छपरा येथील शाळेतून १९०२ साली हा मुलगा कलकत्ता विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसला व सर्वांत पहिला आला. ह्या विश्वविद्यालयाचा पसारा तेव्हा फार मोठा होता; त्यात एका खेडवळ बिहारी मुलाचे नाव सर्वांच्या वर लागले, ही गोष्ट त्या प्रांतात बरेच दिवस बोलली गेली. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते एम. ए. झाले, काही काळ मुझफ्फरपूर येथील कॉलेजात अध्यापक होते, आणि मग कायद्याकडे वळले. परीक्षांचा हा भाग आम्ही येथेच आटोपतो. हुशार मुलगा परीक्षेत पहिला येतो यात सांगण्यासारखे थोडेच असते.

सांगण्यासारखी गोष्ट १९१० सालची आहे, आणि तिचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत-सेवक-समाज स्थापन केला होता. देशकार्यास आयुष्य वाहून घेणारे व अल्प वेतनावर संतुष्ट राहणारे तरुण ते शोधीत असत. त्यांनी राजेंद्रबाबूंस समाजात येण्याविषयी विचारले. तरुण वकिलाच्या मनाने तेथेच होकार दिला. परंतु वडील वारले होते व घरचा सर्व भार थोरले बंधु महेंद्रप्रसाद यांच्यावर होता. समोरासमोर बोलण्याचे धैर्य होईना म्हणून राजेंद्रबाबूंनी बंधूंस एक लांब पत्र लिहिले व परवानगी मागितली. ते पत्र वाचून बंधूंचे डोळे भरून आले. त्यांचे अश्रू पाहून राजेंद्रबाबूंनी पुण्याचा बेत सोडला व ते वकिली करू लागले. घरासाठी देशकार्य सोडले, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. घराचे देणे फेडल्यावाचून ज्यांचा पाय पुढे पडत नाही, अशा जातीचे ते मनुष्य होते. आणि ह्याच बंधूंनी पुढे त्यांच्या देशसेवेच्या काळात घरचा भार निमूटपणे वाहिला.

वकिलीत त्यांचा जम चांगला बसला. प्रथम कलकत्ता येथे व १९१६ पासून पाटण्याच्या नव्या हायकोर्टात ते काम करू लागले. पाटण्यास त्यांनी बिऱ्हाड थाटले, नोकरचाकर ठेवले. १९१७ च्या एप्रिल महिन्यात ह्या घरी घडलेला एक प्रसंग महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केला आहे. चंपारण्यातील निळीच्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी गांधीजी निघाले होते. राजकुमार शुक्ल नावाचा एक शेतकरी त्यांस पाटण्यास राजेंद्रबाबूंच्या घरी घेऊन आला. राजेंद्रबाबू बाहेरगावी गेले होते. नोकरांनी ह्या साध्या वेषातील पाहुण्यास खेड्यातून आलेला कोणी अशील समजून त्याच्याकडे लक्षच दिले नाही. त्याची जात ठाऊक नसल्यामुळे, त्याच्या बादलीतील थेंब उडून आपणांस विटाळ होईल म्हणून, विहिरीवर पाणी काढू दिले नाही. आणि घरातील शौचकूपाकडे तो वळला तेव्हा त्यास बाहेरचा दाखविला. गांधीजींस ह्याचे वाईट वाटले नाही. नोकर आपल्या समजुतीप्रमाणे वागले, इतकेच त्यांनी म्हटले आहे.

राजेंद्रबाबू परत आल्यावर त्यांस हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना प्रत्येक यजमानास करता येईल. त्यांनी तोंडाने जे सांगितले असेल ते असो. वागून काय केले ते इतिहासात आहे. ते चंपारण्यात गेले व इतर वकिलांबरोबर गावोगावच्या रयतेच्या जबान्या लिहून घेऊ लागले. तेथे प्रत्येक वकिलाबरोबर त्याचा स्वतंत्र नोकर व स्वतंत्र आचारी असे. जितके वकील तितक्या चुली, आणि जेवणास कधी कधी मध्यरात्र होई. गांधीजींनी हळूहळू हे नोकर परत पाठविले, निरनिराळ्या चुली विझविल्या व सर्वांसाठी एकच स्वयंपाक सुरू केला. हायकोर्टाचा हा वकील आपली कामे आपल्या हातांनी करावयास येथे शिकला. निळीची तीनकठिया पद्धति, म्हणजे शेताच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत निळीचे पीक सक्तीने काढण्याची चाल, १९१८ च्या कायद्याने बंद झाली, हे त्या चळवळीचे प्रसिद्ध फळ होय. एका घरच्या चुलीत झालेला फरक मात्र फारसा कोणी मोजीत नाही.

१९२० साली त्यांनी भरभराटीची वकिली सोडली. पाटण्याजवळ गंगेच्या काठी मौलाना मझहरुल हक यांनी १९२१ साली सदाकत आश्रम स्थापिला. सदाकत ह्या शब्दाचा अर्थ सचोटी. तेथील साध्या निवासात राजेंद्रबाबूंच्या आयुष्याचा पुढील पुष्कळ काळ गेला. मध्यंतरी जो काळ गेला तो तुरुंगात. तुरुंगाची खोली हेही त्यांचे एक घरच म्हणावयाचे. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसचे बहुतेक पुढारी मुंबईस पकडले जाऊन आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. राजेंद्रबाबू आजारामुळे मुंबईस जाऊ शकले नव्हते, म्हणून त्यांस पाटण्यासच पकडून बांकीपूरच्या तुरुंगात ठेवले. तेथे ते सुमारे तीन वर्षे होते. आत्मकथेचा मोठा भाग व हिंदुस्थानच्या फाळणीच्या प्रश्नावरील त्यांचा आकड्यांनी भरलेला इंग्रजी ग्रंथ ही ह्याच कोठडीची कामे होत.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर, दरभंगा इकडील गावेच्या गावे कोसळली. राजेंद्रबाबू त्या वेळी कैदेत व आजारी होते. भूकंपानंतर दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली. अंगात ताकद नसता त्यांनी साहाय्य-समिति उभी केली व अडतीस लाखांहून अधिक रुपये जमविले. इतका पैसा लोकांच्या हातून आला म्हणजे त्याचा हिशेबही तितकाच चोख हवा. हे हिशेबाचे काम पाहण्यासाठी जे गृहस्थ आले ते आमच्या ख्रिस्ती समाजातील, तंजावरकडचे श्री. जे. सी. कुमारप्पा. ते मोठे काटेकोर हिशेबनीस होते. समितीच्या पैशातून नियमाबाहेर एक पैही कोणासाठी निघू नये, मग तो मनुष्य कितीही थोर असो, असा त्यांचा बाणा होता. असा मनुष्य आपल्या शेजारी बसवून घेण्यास अध्यक्षाचेही मन स्वच्छ असावे लागते.

हेच कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करू लागले. आणि वर्धा हे गाव राजेंद्रबाबूंसही परके नव्हते. दम्याचा विकार त्यांस जन्मभर होता. बिहारच्या ओलसर हवेत तो उसळे, व वर्ध्याची कोरडी हवा मानवे, म्हणून जमनालालजी बजाज यांचे पाहुणे होऊन ते तेथे अनेकदा येऊन राहत. आपल्या तिरोड्याच्या स्टेशनावरून नागपूरकडे जाणारी गाडी पुढे वर्ध्यास जाते. राष्ट्रपतींच्या चरित्रातले एक घर आपणांपासून इतके जवळ आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता त्या मोठ्या घराकडे वळू. १९११ च्या डिसेंबरात बादशहा पाचवे जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचे जाहीर केले. त्यानंतर रायसीना नावाच्या टेकडीवर व्हाइसरॉयांसाठी हे घर बांधण्यात आले. लटेन्स नावाच्या इंग्रज शिल्पकाराने ते योजिले. घुमटाची कल्पना मात्र सांचीच्या स्तूपावरून घेतली. पवित्र शास्त्रात शलमोन राजास आपले घर बांधावयास तेरा वर्षे लागली असे लिहिले आहे. ह्या घरास सतरा लागली. १९३१ च्या जानेवारीत लॉर्ड आयर्विन तेथे प्रथम राहावयास गेले, आणि पुढच्याच महिन्यात गांधीजी आपल्या पंचासह त्याच्या पायऱ्या चढून त्यांच्याशी बोलणी करावयास आले. राज्य कायमचे टिकेल अशा समजुतीने बांधलेल्या त्या घरात फक्त पाच व्हाइसरॉय राहिले : आयर्विन, विलिंग्डन, लिनलिथगो, वेव्हेल व माउंटबॅटन. उरलेले आयुष्य त्या घराने नव्या मालकांच्या सेवेत काढले आहे.

१९४८ च्या जून महिन्यात राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होऊन ह्या घरात आले. व्हाइसरॉयांचे शयनगृह त्यांस दाखविण्यात आले. ते विस्तीर्ण दालन व त्यातील थाट पाहून त्यांनी तेथे निजण्यास नकार दिला व घराच्या दुसऱ्या बाजूस काही लहान खोल्या होत्या त्या स्वतःसाठी पसंत केल्या. व्हाइसरॉयांची दालने पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात आली. देशात धान्याची टंचाई होती म्हणून ह्या घराच्या आवारातील काही जमिनीत त्यांनी गहूही पेरविला.

२६ जानेवारी १९५० रोजी सकाळी सव्वादहाच्या पुढे, घुमटाखालच्या गोल दरबार-दालनात, भारत हे प्रजासत्ताक झाल्याची घोषणा राजाजींनी वाचली. काही मिनिटांनी सरन्यायाधीश कानिया यांच्यासमोर राजेंद्रबाबूंनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. ज्या घटनासमितीने राज्यघटना तयार केली तिचे अध्यक्ष राजेंद्रबाबूच होते, म्हणजे ज्या घटनेची शपथ त्यांनी घेतली तिच्यावर त्यांचीच सही होती. ह्या दरबार-दालनात पूर्वी व्हाइसरॉय व त्यांच्या पत्नी यांच्यासाठी सिंहासने असत. आता तेथे राष्ट्रपतींची एक खुर्ची असते व तिच्यामागे पाचव्या शतकातील, गुप्तकालीन बुद्धमूर्ति उभी आहे. ह्या दालनास २०२४ पासून गणतंत्र मंडप असे नाव दिले आहे.

नव्या गृहस्थाने राहावे कोठे, हा प्रश्न पुन्हा आला असेल. राजेंद्रबाबू व राजवंशीदेवी त्याच लहान खोल्यांच्या बाजूस राहिले. तेव्हापासून प्रत्येक राष्ट्रपति त्याच बाजूस राहत आला आहे, आणि व्हाइसरॉयांच्या शयनगृहात परदेशचे राजे व राष्ट्राध्यक्ष चार दिवस पाहुणे म्हणून उतरतात. मागच्या बाकावरील मुलास हे आमचे उत्तर. त्या काळी ह्या घराच्या मोठमोठ्या दालनांचा आणखी एक चांगला उपयोग झाला. राष्ट्रीय संग्रहालयास स्वतःची इमारत नव्हती. म्हणून १५ ऑगस्ट १९४९ पासून जुन्या मूर्ति, शिलालेख व इतर वस्तु येथेच मांडल्या गेल्या, व १९६० साली नवी इमारत उघडेपर्यंत हे संग्रहालय राजेंद्रबाबूंच्या घरचे भाडेकरू होते.

राष्ट्रपतीस घटनेने दरमहा दहा हजार रुपये वेतन ठरविले होते. राजेंद्रबाबू प्रथम त्याचा काही भागच घेत, व शेवटी शेवटी तर अडीच हजारांवरच भागवीत. रोज सूत काढण्याचा नेम तेथेही चालू राहिला. मेजवानीच्या दालनात एका वेळी एकशे चार माणसे बसतील एवढे लांब मेज आहे. तेथे यजमान म्हणून बसावयाचे तितके ते बसत. चंपारण्यातील एका चुलीवर जेवलेल्या मनुष्यास त्या मेजाचा मोह पडणार नव्हता.

तथापि त्यांच्या कारकीर्दीत सर्व काही सुखाचेच होते असे चित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवणार नाही. १९५१ साली डॉ. आंबेडकर यांनी पुढे आणलेल्या हिंदु संहितेच्या विधेयकावरून राष्ट्रपति व पंतप्रधान नेहरू यांच्यांत तीव्र मतभेद झाला. हिंदु स्त्रियांस वारसा, विवाह, घटस्फोट यांविषयी हक्क देणारे हे विधेयक राजेंद्रबाबूंस पसंत नव्हते. सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेली लोकसभा अद्याप आली नसता ते घाईने होऊ नये, आणि आपण सही करताना स्वतःच्या विवेकाप्रमाणे वागू, असे त्यांनी पंतप्रधानांस कळविले. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांस सल्ला विचारला. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालले पाहिजे, असे मत सेटलवाडांनी दिले. विधेयक त्या वेळी मागे पडले, आंबेडकर मंत्रिमंडळातून बाहेर पडले. नव्या लोकसभेने मात्र १९५५ व १९५६ साली त्याचे भाग निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने मंजूर केले. आणि त्यांवर राजेंद्रबाबूंनी सही केली. विधेयकाच्या बाबतीत आमचे मत आंबेडकरांच्या बाजूचे आहे, हे आम्ही लपवीत नाही. मुलीस बापाच्या घरात वाटा असावा, याहून साधा न्याय तो कोणता? परंतु ज्यास एखादी गोष्ट मनापासून पटत नाही आणि ती अडविण्याचा मोह व मोठे घर दोन्ही ज्याच्या हाती आहेत, त्याने घटनेपुढे आपले मत बाजूस ठेवावे, ही गोष्ट वेतन कमी घेण्याहून फार कठीण होती. ती त्यांनी केली.

ते स्वतः आस्थेवाईक हिंदू होते. पण १९५५ साली दिल्लीत संत थोमाच्या स्मरणदिनाच्या समारंभात त्यांनी जे सांगितले ते आम्हां ख्रिस्ती लोकांच्या कायम स्मरणात राहिले आहे. युरोपातील कित्येक देश ख्रिस्ती होण्यापूर्वीच थोमा भारतात आला, म्हणजे हा धर्म ह्या देशात पाहुणा नव्हे तर फार जुना रहिवासी आहे, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ होता. राष्ट्राच्या प्रथम पुरुषाने हे म्हणावे, याची किंमत लहान समाजांतील माणसेच जाणतात.

त्यांची थोरली बहीण भगवतीदेवी फार लहान वयात विधवा होऊन माहेरी परत आली होती. धाकट्या भावावर तिची आईसारखी माया होती, व तो जेथे जाईल तेथे तीही त्याच्या संसारात असे. २५ जानेवारी १९६० च्या रात्री ती वारली. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताकदिन होता. राजधानीत लाखो लोक संचलन पाहावयास जमावयाचे, सैन्याच्या तुकड्या, खेड्यापाड्यांतून आलेले नाचणारे, शाळांची मुले सर्व तयार. राजेंद्रबाबूंनी कोणास काही कळू दिले नाही. सकाळी नेहमीप्रमाणे ते संचलनास गेले, उभे राहून शेवटपर्यंत मानवंदना घेतली. परत आल्यावर मग त्यांनी बहिणीच्या अंत्यविधीची तयारी केली. पन्नास वर्षांपूर्वी थोरल्या भावाचे अश्रू पाहून ज्याने देशकार्याचा बेत सोडला होता, तोच हा मनुष्य. त्या दिवशी संचलन पाहणाऱ्या मुलांपैकी एकासही त्याच्या चेहऱ्यावरून काही कळले नसेल.

१९५२ व १९५७ अशा दोन्ही निवडणुकांत ते निवडून आले. १३ मे १९६२ रोजी पद सोडून ते पाटण्यास गेले. निवृत्त राष्ट्रपतीस कोठेही चांगला बंगला मिळाला असता. ते सदाकत आश्रमातील आपल्या जुन्या साध्या निवासात परतले. त्याच वर्षी त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. सप्टेंबरात राजवंशीदेवी वारल्या. पासष्टांहून अधिक वर्षांची सोबत सुटली, दमा बळावला, आणि ऑक्टोबरात चीनने सीमेवर हल्ला केल्याची बातमी त्यांस तेथेच ऐकावी लागली. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी त्याच घरी त्यांनी देह ठेवला. गंगा तेथून जवळच वाहते. तिच्या काठी पाटण्यातच त्यांस अग्नि देण्यात आला, आणि तो लहान निवास आता संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास खुला आहे.